रात्री कॅमेरा 'ऑफलाइन' होतो, सकाळी आपोआप येतो: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

बडोद्यात घरगुती वायरलेस कॅमेरे, दाराचे सेन्सर, सायरन बसवून देण्याचं काम मी करतो. बसवणं तासा-दोन तासांत उरकतं. डोकेदुखी पुढे सुरू होते, आणि तिचा फोन बहुतेक वेळा परगावाहून येतो. मुलगा पुण्यात किंवा टोरंटोत, आई-बाबा दांडिया बाजारात नाहीतर कारेलीबागेत. मुलगा म्हणतो, "दादा, बाबांकडचा कॅमेरा पुन्हा ऑफलाइन दाखवतोय." बाबांना विचारावं तर, "छे, इथे निळा दिवा चालू आहे की!" दोघंही खरंच सांगत असतात.

मग कोणीतरी ऑनलाइन नवा कॅमेरा मागवतो. तो त्याच जागी, त्याच वायरवर लागतो आणि आठवडाभरात तोही ऑफलाइन होतो. माझ्या पाहण्यात कॅमेरा स्वतः बिघडलेला क्वचित निघतो. दोष असतो त्याला मिळणाऱ्या विजेत, त्याखालोखाल वाय-फायमध्ये, मग मेमरी कार्डात. लोक तपासतात नेमकं उलट्या क्रमाने, म्हणून पैसे जातात आणि दुखणं राहतं.

आधी लक्षणं नीट बघा

काहीही काढण्या-लावण्याआधी दोन रात्री फक्त नोंद ठेवा. बऱ्याच ॲपमध्ये उपकरण कधी गेलं आणि कधी परत आलं याची यादी असते. ती नसेल तर रेकॉर्डिंगमध्ये कुठे खंड पडलाय ते बघा. वेळेवरूनच अर्धं निदान होतं.

- अंधार पडल्यावर जातो, उजाडल्यावर येतो: अडॅप्टर किंवा वायर.
- लाइट जाऊन आली की येतच नाही, प्लग काढून लावला की येतो: राउटर उशिरा सुरू होतोय.
- सगळे कॅमेरे एकदम जातात: राउटर किंवा इंटरनेट. एकच जात असेल तर त्या जागेचा दोष.
- ऑनलाइन दिसतो, पण चित्र उघडत नाही, नुसतं चाक फिरत राहतं: सिग्नल कमी, किंवा घरातून बाहेर जाणारा नेटचा वेग कमी.
- थेट चित्र झकास, पण कालचं रेकॉर्डिंग तुकड्या-तुकड्यांत: मेमरी कार्ड.
- सगळं चालू, पण फोनवर सूचना नाही: दोष फोनच्या सेटिंगमध्ये.
- दार बंद असून सेन्सर 'उघडं' म्हणतो: चुंबकाचं अंतर. याचं वेगळं सांगतो.

फुकटातल्या तपासण्या

फोनचं वाय-फाय बंद करा आणि मोबाइल डेटावर ॲप उघडा. मग घरच्या वाय-फायवर उघडा. घरात दिसतं आणि बाहेरून दिसत नाही, तर कॅमेरा आणि वाय-फाय दोन्ही धडधाकट आहेत, घराचं इंटरनेट गेलंय. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा लाल असेल तर तुमच्या हातात काही नाही, नेटवाल्याला फोन करा. उत्तरायणानंतरच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतरच्या, आठवड्यात तर हे मी सर्वात आधी विचारतो. गच्च्यांवरून ओढलेल्या फायबरच्या बारीक वायरी मांजा अडकून ताणल्या जातात, पतंग काढायला पोरं त्या हिसडतात, आणि पंधरा जानेवारीला अर्ध्या गल्लीचे कॅमेरे 'खराब' होतात. वायर तुटली नसली तरी कुठे कोनात दुमडली असेल तर आतला प्रकाश कमी होतो आणि नेट येत-जात राहतं. तुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

सूचना येत नसतील तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा आणि पार्श्वभूमीत चालायची परवानगी द्या. बरेच फोन काही दिवस न उघडलेलं ॲप झोपवून टाकतात. सायरन वाजून गेल्यावर अर्ध्या तासाने सूचना आली तर तिचा उपयोग काय?

आता प्लग. तो भिंतीत घट्ट बसतो का? जुन्या घरांतली पाच अँपिअरची सॉकेटं सैल झालेली असतात. अडॅप्टर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि शेजारून मेटाडोर गेली तरी संपर्क तुटतो. आणखी एक नेहमीची गंमत म्हणजे ओटल्यावरच्या दिव्याचं आणि कॅमेऱ्याचं बटण एकच असणं. सकाळी दिवा घालवला की कॅमेराही गेला. कामाला येणाऱ्या मावशी 'उगाच चालू राहिलेलं' बटण बंद करतात, ते वेगळंच. त्या बटणावर चिकटपट्टी लावा.

अडॅप्टर आणि वायर: इथे घाई करू नका

'रात्रीच जातो' या तक्रारीचं मूळ बहुतेक इथे सापडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दिवसा कॅमेरा थोडीच वीज खातो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात. आपल्याला ते दिसत नाहीत, फार तर फिकट लाल ठिपके दिसतात, पण विजेची मागणी एकदम वाढते. फिरणारा कॅमेरा असेल तर मोटर फिरताना आणखी. अडॅप्टर पाच व्होल्टचा आणि वायर बारीक नि लांबलचक असेल, तर गच्चीवरच्या टाकीपासून लांब असलेल्या नळासारखी गत होते: एकटा उघडा असेपर्यंत ठीक, दुसरा उघडला की धार बारीक. अडॅप्टरपाशी पूर्ण पाच व्होल्ट असतात, कॅमेऱ्यापाशी पोचेपर्यंत साडेचारच उरतात. कॅमेरा बंद पडतो. बंद पडल्याने दिवे विझतात, मागणी कमी होते, तो पुन्हा सुरू होतो, वाय-फाय पकडतो, अंधार ओळखून दिवे लावतो, आणि पुन्हा आडवा. रात्रभर हेच.

हे कानाने ओळखता येतं. कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक छोटी काच सरकते. दिवसा ती प्रकाशाच्या वाटेत असते, रात्री बाजूला होते, आणि सरकताना 'टक्' असा आवाज येतो. संध्याकाळी सातच्या सुमारास टीव्ही बंद करून कॅमेऱ्याखाली उभे राहा. एकदा टक् झालं आणि शांतता, तर ठीक. दर दोन-तीन मिनिटांनी टक्... टक् होत असेल, किंवा फिरणारा कॅमेरा कोणी न सांगता डावी-उजवीकडे मान फिरवून जागेवर येत असेल, तर तो पुन्हा पुन्हा चालू होतोय. नेटचा यात काही संबंध नाही.

खात्री करायला एक पैसा लागत नाही. ॲपमध्ये 'नाइट व्हिजन' एका रात्रीपुरतं बंद करा. चित्र काळं दिसेल, दिसू द्या. कॅमेरा रात्रभर ऑनलाइन राहिला, तर दोष विजेचाच.

मग कॅमेऱ्यासोबत आलेलाच अडॅप्टर आणि आलेलीच वायर लावून बघा. खोक्यात पडलेला जुना मोबाइल चार्जर ही पहिली संशयित वस्तू. अडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा, हवं तर फोटो काढून मोठं करून वाचा. 'आउटपुट' पुढे जे व्होल्ट लिहिलेत ते कॅमेऱ्याच्या लेबलवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळायला हवेत. अँपिअर मात्र जास्त असले तर चालतात. कॅमेरा १ अँपिअर मागत असेल तर २ अँपिअरचा अडॅप्टर खुशाल लावा. उलट १२ व्होल्टचा अडॅप्टर ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला लावला तर कॅमेरा त्याच क्षणी जातो. दोन्हींची गोल पिन पुष्कळदा सारखीच असते आणि गुपचूप बसते, म्हणून एकाच ड्रॉवरमध्ये दोन्ही ठेवू नका.

लांबी वाढवायचीच असेल तर २३० व्होल्टची बाजू वाढवा, म्हणजे सॉकेट कॅमेऱ्याजवळ न्या. पाच व्होल्टची वायर दहा मीटर ओढली तर वरचा खेळ ठरलेला. बाहेरच्या भिंतीवर नवं सॉकेट काढणं मात्र वायरमनचं काम आहे. पावसात भिजणाऱ्या जागी झाकणाचा डबा, अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवा. तिथे स्वतः हात घालू नका.

लाइट जाऊन आल्यावर

लाइट आली की कॅमेरा अर्ध्या मिनिटात जागा होतो. फायबरचा डबा आणि राउटर यांना दोन-चार मिनिटं लागतात. चांगला कॅमेरा प्रयत्न करत राहतो. स्वस्तातले काही थोडा वेळ शोधतात आणि गप्प बसतात, मग प्लग काढून लावेपर्यंत हूं की चूं नाही.

घरात इन्व्हर्टर आहे, तरी राउटर बंद-चालू होतो? मग इन्व्हर्टरच्या मागचं किंवा पुढचं बटण बघा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर 'इको' आणि 'यूपीएस' असे दोन प्रकार असतात. 'इको'मध्ये बॅटरीवर जाताना निमिषभर खंड पडतो. पंखा-दिव्याला तो कळत नाही, राउटरला कळतो. 'यूपीएस'वर ठेवलं की बहुतेक घरांत प्रश्न मिटतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या, पण त्यावर फायबरचा डबाही चालायला हवा. राउटर जिवंत आणि डबा मेलेला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. विकत घेण्याआधी दोन्हींचे व्होल्ट वाचा.

वाय-फाय

आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक स्वस्त वायरलेस कॅमेरे आणि डोअरबेल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. नवे राउटर २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात. फोन ५ वर असतो, कॅमेरा २.४ शोधतो, आणि पहिल्या जोडणीतच घोळ होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा जोडणीपुरता ५ बंद ठेवा. सुरक्षा फक्त 'डब्ल्यूपीए-३' ठेवली असेल तर जुने कॅमेरे आत येत नाहीत, 'डब्ल्यूपीए-२' सह मिश्र ठेवा. चॅनल आपोआप १२ किंवा १३ वर गेलं तर काही कॅमेऱ्यांना ते नेटवर्क दिसतच नाही. १, ६ किंवा ११ पैकी एक ठरवून द्या. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या राउटरांशी भांडण कमी होतं.

नेटवाल्याने राउटर बदलून दिला आणि सगळं बंद पडलं, तर कॅमेरे एकेक काढून पुन्हा जोडत बसू नका. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच, मोठ्या-लहान लिपीसकट. कॅमेरे, सेन्सरचा हब, स्मार्ट प्लग सगळे बहुतेक आपापले येऊन चिकटतात. एवढं सांगण्यासाठी मला कोणाच्या घरी जायची गरज नसते, आणि लोकांना ते खरं वाटत नाही.

राहिला सिग्नल. रावपुरा-दांडिया बाजाराकडच्या जुन्या वाड्यांत दीड-दोन फुटी भिंती आहेत. माजघरात टीव्हीच्या कपाटात कोंबलेला राउटर आणि ओटल्यावरचा कॅमेरा यांच्यात तशा दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि पुढची जाळी आली की काही पोचत नाही. फोन कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी धरा आणि सिग्नल दाखवणारं एखादं फुकट ॲप लावा. आकडा उणे असतो. उणे ६० च्या आसपास छान, उणे ७० ला कुरकुर, उणे ८० ला आशा सोडा. आधी राउटर कपाटातून बाहेर काढून उंच ठेवा. त्याने भागलं नाही तर रिपीटर घ्या, आणि तो मधल्या जागी लावा. कॅमेऱ्याशेजारी लावलेला रिपीटर स्वतःच कमजोर सिग्नल पकडतो आणि तोच पुढे देतो.

जुना वायरचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) घरात अजून चालू असेल तर एक गोष्ट बघा. त्याला हाताने दिलेला आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) राउटर एखाद्या नव्या कॅमेऱ्यालाही देऊन बसतो. मग एक आला की दुसरा जातो. राउटरमध्ये डीव्हीआरचा पत्ता राखीव करून टाका.

मेमरी कार्ड

कार्ड काढा आणि कॅमेरा एक दिवस तसाच चालवा. ऑफलाइन होणं थांबलं तर कार्ड बाद. साधी कार्डं फोटो ठेवण्यासाठी बनलेली असतात. चोवीस तास लिहीत राहिलं की ती झिजतात, आणि खराब जागेवर लिहिताना कॅमेरा अडकतो. सतत रेकॉर्डिंगसाठी 'हाय एंड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्या, आणि ते संगणकात न करता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

दाराचे आणि हालचालीचे सेन्सर

दाराच्या सेन्सरचे दोन तुकडे असतात, एकात चुंबक, दुसऱ्यात चुंबकाने मिटणारी बारीक पात. दार बंद असताना दोघांत सेंटिमीटरभरापेक्षा फार अंतर नको. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, चौकटीत नीट बसत नाही आणि तेवढं अंतर वाढतं. जुलैत 'सेन्सर खराब' म्हणून येणाऱ्या तक्रारींना सुतार पुरतो. लोखंडी दारावर चुंबक थेट चिकटवला तर त्याचा जोर लोखंडातच जिरतो. मध्ये लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी द्या. बॅटरी सीआर-२०३२ असेल तर नावाजलेल्या कंपनीची घ्या. 'एएए' सेल लागत असतील तर रिचार्जेबल टाळा, ते दीड व्होल्टऐवजी १.२ देतात आणि सेन्सर पहिल्या दिवसापासून 'बॅटरी कमी' ओरडतो.

हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर माणसाची उष्णता आणि मागची भिंत यांतला फरक बघतो. मे महिन्यात बंद खोली ३६-३७ अंशांवर गेली की तो फरकच उरत नाही आणि सेन्सर आंधळा होतो. बडोद्यात उन्हाळ्यात फक्त त्याच्यावर विसंबू नका, दारावरचा सेन्सरही ठेवा. याउलट रात्रीच्या खोट्या सूचना कॅमेऱ्याकडून येतात. त्याच्या दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे पाल येते, आणि लेन्सवर चढलेली पाल मुलाला टोरंटोत घरफोडीसारखी दिसते. आठवड्यातून एकदा कोरडा कपडा फिरवा.

रीसेट सगळ्यात शेवटी

कारण रीसेट केलं की वेळांच्या नोंदी आणि सेटिंग पुसलं जातं, आणि पुन्हा जोडायला कोणीतरी कॅमेऱ्यासमोर फोन धरून उभं राहावं लागतं. घरी फक्त आजी-आजोबा असतील तर फोनवरून त्यांना स्टुलावर चढवून पिन टोचायला लावू नका. रीसेटनंतर पासवर्डही कारखान्याचा होतो, तो लगेच बदला. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते असल्याच न बदललेल्या पासवर्डांवर. आणि कॅमेरा कोणाच्या खात्यावर नोंदलाय ते याच वेळी बघून घ्या. बसवणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर नोंदवून तुम्हाला नुसतं 'शेअर' केलं असेल, तर तुमच्या घराचं चित्र त्याच्या फोनवरही दिसतं. मुख्य खातं घरमालकाचंच हवं. हे मी धंद्यातला असून सांगतोय.

इथे हात काढा

धातूच्या डब्याला किंवा जाळीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अडॅप्टर काळा पडलाय, जळका वास येतोय: मुख्य स्विच बंद करा आणि वायरमन बोलवा. घरातले काही दिवे एकाएकी भगभगीत आणि काही मंद होत असतील तर न्यूट्रल (विजेची परतीची वायर) सैल असू शकतो. ते थेट वीज कंपनीचं काम, आणि तोवर महागाच्या वस्तूंचे प्लग काढून ठेवा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घरांत शिरलं तसं कधी झालं, तर ओल्या सॉकेटवरचं काहीही सुरू करून बघू नका, वायरमनने वायरिंग तपासल्यावरच वीज द्या. बॅटरीवरच्या कॅमेऱ्याचं पोट फुगलेलं दिसलं तर चार्जिंग बंद करा आणि तो उन्हातून, अंथरुणा-पडद्यांपासून दूर ठेवा.

आणि शेवटची चाचणी. कॅमेरा भिंतीवरून उतरवा, राउटरच्याच खोलीत आणा, आलेला अडॅप्टर लावा, कार्ड काढा, पडदे ओढून अंधार करा आणि एक रात्र ठेवा. इथेही गेला तर कॅमेराच बिघडलाय. उघडू नका, वॉरंटी जाते. इथे टिकला तर त्याला दोष देणं सोडा आणि जागेवर खर्च करा.

कारागिराला बोलवाल तेव्हा फोनवर 'चालत नाही' एवढंच सांगू नका. कोणत्या वेळांना जातो, एकटा जातो की सगळे, राउटर नि फायबरच्या डब्यावर कोणत्या रंगाचे दिवे होते, नाइट व्हिजन बंद करून काय झालं, हे सांगा, आणि अडॅप्टरच्या लेबलचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. योग्य अडॅप्टर खिशात घेऊन आलेला माणूस पंधरा मिनिटांत मोकळा होतो, नाहीतर तो फक्त बघायला येतो आणि फेरीचे पैसे तेवढेच लागतात.